मण्यांची माळ: लाखेच्या बांगडीपासून प्लास्टिकच्या हंड्यापर्यंत



आम्ही बचत गटांच्या बैठकांना गावोगाव जातो, तेव्हा काही विषय हमखास निघतात. कर्जाचा हप्ता, पाणी, रेशन, आणि हल्ली प्लास्टिक. कुणाची गाय पोट फुगून गेली, कुणाच्या दारातली गटार तुंबली, कुणी चूल पेटवायला पिशवीच वापरते. मग एखादी आजी विचारते, "अगं, कापड कुजतं, लाकूड कुजतं, मग हे मेलं कुजत कसं नाही?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज आपण तोच बघणार आहोत. शास्त्राचं नाव ऐकून घाबरू नका. माळ ओवता येते ना? मग हेही कळेल.

माळ म्हणजे काय?

जगातली प्रत्येक वस्तू अतिशय बारीक कणांची बनलेली असते. त्या कणांना रेणू म्हणतात. पाण्याचा रेणू छोटा, साखरेचाही तसा छोटाच. पण काही वस्तूंमध्ये हेच छोटे रेणू एकामागे एक जोडले जातात, शेकड्याने, हजाराने. मंगळसूत्रात काळे मणी ओवावेत तसे. अशा लांब माळेला 'पॉलिमर' म्हणतात. ग्रीक भाषेत पॉली म्हणजे पुष्कळ आणि मेरोस म्हणजे भाग. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात याला 'बहुवारिक' म्हणतात आणि एकट्या मण्याला 'एकवारिक'.

आता गंमत बघा. ज्वारीच्या पिठातला स्टार्च आणि कापसाचा धागा, दोन्हींचा मणी एकच: ग्लुकोज, म्हणजे साखरेचा एक प्रकार. फरक फक्त मणी कसे जोडले यात आहे. स्टार्चमधली गाठ आपल्या पोटातले पाचक रस सोडवतात, म्हणून भाकरी पचते. कापूस, गवत, कडबा यांतली गाठ वेगळी पडते. तिला सेल्युलोज म्हणतात आणि ती आपल्याला सोडवता येत नाही. गाईला येते, कारण तिच्या पोटात ती गाठ सोडवणारे सूक्ष्म जीव राहतात. म्हणून ती कडबा खाऊन दूध देते आणि आपण देऊ शकत नाही.

ही गाठीची गोष्ट लक्षात ठेवा. आजीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

लाख, रबर आणि माणसाची खटपट

माणसाने प्लास्टिक बनवलं त्याच्या कितीतरी आधी निसर्गानेच वळवता येणारे चिकट पदार्थ दिले होते. त्यात आपल्या देशाची शान म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखा थर करतात. आपल्याकडे विदर्भात गोंदियाच्या बाजूला लाखेचा धंदा जुना आहे. महाभारतातल्या लाक्षागृहाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लाख तापवली की मऊ होते, हवी तशी वळते आणि गार झाली की कडक होते. बांगडीवाला निखाऱ्यावर लाख फिरवून बांगडी करतो, ती याच गुणामुळे.

गाण्याच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या असत. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. एका बाईचा आवाज लाखेवर कोरला गेला आणि घरोघर पोहोचला.

दुसरा पदार्थ रबर. अमेरिका खंडातले मूळ रहिवासी झाडाच्या चिकापासून चेंडू करत. युरोपात ते गेलं तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं, पण एक अडचण होती. उन्हाळ्यात रबर चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. अमेरिकेतले चार्ल्स गुडइयर यांनी यासाठी कित्येक वर्षं घालवली. कर्ज झालं, त्यापायी तुरुंगवासही झाला. १८३९ मध्ये त्यांना कळलं की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते उन्हाने वितळत नाही आणि थंडीने फुटत नाही. १८४४ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं.

असं का झालं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आज आपल्याला सांगता येतं. साधं रबर म्हणजे ताटात पसरलेल्या ओल्या शेवया. ओढल्या की एकमेकींवरून घसरतात. गंधक काय करतो, तर एका शेवईला दुसरीशी जागोजागी टाका घालतो. गोधडीचे थर आपण टाके घालून एकत्र धरतो ना, अगदी तसं. मग रबर ताणलं तरी सुटत नाही, पुन्हा जागेवर येतं. आपल्या कुकरची रिंग आणि सायकलची ट्यूब अशा टाक्यांवरच चालते.

हस्तिदंताला पर्याय

मग आली हस्तिदंताची टंचाई. श्रीमंतांच्या बिलियर्ड खेळाचे चेंडू हत्तीच्या सुळ्यांपासून करत. एका अमेरिकन कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर देऊ केले. जॉन वेस्ली हयात नावाच्या छापखान्यातल्या कामगाराने १८६९-७० च्या सुमारास कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला पदार्थ घेतला, त्यात कापूर मिसळला आणि 'सेल्युलॉइड' तयार केलं. त्याआधी १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी असाच पदार्थ मांडला होता, पण त्यांचा धंदा चालला नाही.

सेल्युलॉइडचे कंगवे आले, बाहुल्या आल्या आणि सिनेमाची फिल्म आली. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये याच फिल्मवर उतरला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायला आणि ती रसायनात धुवायला शिकल्या होत्या, शिवाय कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही करत. दादासाहेबांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, सरस्वतीबाईंचंही आपण आपल्या मुलींना सांगायला हवं.

पण सेल्युलॉइड फार लवकर पेट घ्यायचं. जगभरातल्या कितीतरी जुन्या फिल्म त्यामुळे जळून गेल्या.

कुकरचा दांडा

आतापर्यंतचे पदार्थ झाडापासून, किड्यापासून किंवा कापसापासून होते. पूर्ण रसायनांतून बनवलेलं पहिलं प्लास्टिक म्हणजे बेकेलाइट. विजेच्या तारांना आवरण म्हणून लाख लागायची, पण ती पुरेना आणि महागही पडायची. बेल्जियमहून अमेरिकेत गेलेले लिओ बेकलंड लाखेला पर्याय शोधत होते. १९०७ मध्ये त्यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायनं उष्णता आणि दाबाखाली एकत्र आणून नवा पदार्थ केला.

हा पदार्थ एकदा घट्ट झाला की पुन्हा तापवून मऊ होत नाही. लाखेची बांगडी तापवली की पुन्हा वळते, पण भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. प्लास्टिकच्याही अशाच दोन जाती. पहिल्या जातीत माळा सुट्या असतात. त्या तापल्या की घसरतात आणि वस्तू वितळते. दुसऱ्या जातीत माळा सगळीकडून एकमेकींना जखडलेल्या असतात. कुकरचा काळा दांडा आणि विजेची जुनी काळी बटणं ही दुसऱ्या जातीची. म्हणून तो दांडा चुलीजवळही टिकतो. तो फुटला तर भंगारवाला घेत नाही, कारण वितळवून त्याचं नवं काही करता येत नाही.

ज्याचं कुणी ऐकेना

इतक्या वस्तू बाजारात आल्या, तरी त्यांच्या आत नेमकं काय आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत, हे छोटेच रेणू आहेत, फक्त गर्दी करून चिकटलेत. १९२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी लिहिलं की तसं नाही, या खऱ्याखुऱ्या लांब माळा आहेत आणि प्रत्येक मणी पुढच्या मण्याशी पक्का जोडलेला आहे. लोकांनी ते मानलं नाही. महारेणूंचा नाद सोडा, असा सल्ला त्यांना मोठ्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी तो सोडला नाही. त्यांची पत्नी माग्दा वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, त्याही या कामात त्यांच्याबरोबर राहिल्या. १९५३ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेहतीस वर्षं लागली. गटाचं म्हणणं पंचायतीत लगेच ऐकलं जात नाही म्हणून खट्टू होणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं.

नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिथिन

माळ ओवता येते हे कळल्यावर मुद्दाम नव्या माळा ओवायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन बनवलं. रेशमासारखा धागा, पण किड्याशिवाय. १९३८ मध्ये त्याचे टूथब्रशचे केस आले आणि १९४० मध्ये बायकांचे पायमोजे. लगेच महायुद्धासाठी ते नायलॉन पॅराशूटकडे वळवलं गेलं. कॅरोदर्स यांना नैराश्याचा आजार होता. हे यश बघायला ते राहिले नाहीत, १९३७ मध्येच गेले.

१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा केला. पुढे आपल्याकडे टेरिलीन, टेरिकॉट ही नावं घरोघरी झाली. साडी धुतली की लगेच वाळते, इस्त्री लागत नाही, स्वस्त पडते, म्हणून आपण ती स्वीकारली. आता हेही ऐका. पाण्याची पारदर्शक बाटली आणि पॉलिएस्टरची साडी यांची माळ एकच आहे. सूत काढलं की साडी, फुगवून साच्यात घातली की बाटली.

पॉलिथिन तर चुकूनच सापडलं. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत गिब्सन आणि फॉसेट यांनी इथिलिन नावाच्या वायूवर प्रचंड दाब दिला. हवं होतं भलतंच काही, पण भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ चिकटलेला मिळाला. पुन्हा करायला गेले तर कधी जमेना, कधी भांडं फुटे. १९३५ च्या अखेरीस ते नीट जमलं. मागाहून समजलं की चुकून शिरलेल्या थोड्याशा ऑक्सिजनने मणी ओवायला सुरुवात करून दिली होती. युद्धात या पॉलिथिनने रडारच्या तारा मढवल्या.

हे पॉलिथिन मऊ होतं, कारण त्याच्या माळांना फांद्या फुटलेल्या होत्या. काटेरी बोरीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळच राहते. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी साध्या दाबावर सरळ माळा ओवण्याची युक्ती काढली. सरळ माळा कडब्याच्या पेंढीसारख्या घट्ट बसतात. त्यातून कडक पॉलिथिन मिळालं. आपला प्लास्टिकचा हंडा, ड्रम, रॉकेलचा कॅन त्याचाच. पुढच्याच वर्षी इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलिनच्या शिस्तीत लागलेल्या माळा केल्या. खताची विणलेली गोणी, दोऱ्या आणि सॅनिटरी पॅडचा वरचा मऊ थर त्या जातीचा. दोघांना १९६३ मध्ये मिळून नोबेल मिळालं.

एका बाईचं नाव इथे घ्यायलाच हवं. स्टेफनी क्वोलेक. पोलंडहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातली मुलगी. आईकडून शिवणकामाची आवड आलेली, आपण कपड्यांचे नमुने करावेत असं तिला लहानपणी वाटे. १९६५ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये काम करताना तिच्याकडे एक गढूळ, पातळ द्रावण तयार झालं. असं द्रावण एरवी फेकून देत. सूत काढणाऱ्या यंत्रावरचा माणूस म्हणाला, यंत्र बिघडेल. तिने आग्रह धरून सूत काढायला लावलं. तो धागा वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट मजबूत निघाला. तोच केवलार. आज गोळी अडवणाऱ्या जॅकेटमध्ये तो असतो.

आपल्या दारात

आपल्या राज्यात १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पुढे रायगड जिल्ह्यात नागोठण्याला प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारे मोठे कारखाने उभे राहिले. हंडा आला, बादली आली, शेतात पाइप आणि ठिबकच्या नळ्या आल्या.

आम्ही प्लास्टिकला सरसकट शिव्या देणार नाही. पितळेचा हंडा रिकामा असतानाच केवढा जड! विहिरीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या बाईची मान प्लास्टिकच्या हंड्याने थोडी तरी हलकी केली. हे शहरातल्या भाषणांत कुणी सांगत नाही, म्हणून आपण सांगायचं.

पण पिशवीची गोष्ट वेगळी. आज दुकानात मिळते तशी बंदाची पिशवी स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थूलिन यांनी १९६० च्या दशकात केली. तिचं काम दहा मिनिटांचं आणि आयुष्य आपल्या नातवंडांपेक्षा मोठं. इथे आजीचा प्रश्न पुन्हा येतो. कापूस कुजतो, कारण त्याची गाठ सोडवणारे जीव मातीत कोट्यवधी वर्षांपासून आहेत. पॉलिथिनची गाठ जन्मून शंभर वर्षंसुद्धा झाली नाहीत. ती सोडवण्याची कला मातीतल्या जीवांना जवळजवळ नाहीच, गाईच्या पोटातल्या जीवांनाही नाही. म्हणून गाय कडबा पचवते आणि पिशवी तिच्या पोटात गोळा होऊन बसते. पिशवी उन्हाने झिजते, तिचे बारीक तुकडे होतात, पण तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे.

जुलै २००५ च्या पुरात मुंबईच्या तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचाही वाटा होता, आणि २००६ मध्ये राज्याने याबद्दल कायदा केला. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा झाला, पण उकिरडा अजून आपल्याच परसात आहे. तो उपसणारे हातही बहुतेक बायकांचेच.

आता इतिहासातून घरात काय न्यायचं, ते तीन गोष्टींत सांगतो.

पहिली, चुलीची. चूल पेटवायला प्लास्टिक वापरू नका. त्यातही पाइप, रेक्झिन, वायरचं आवरण ही पीव्हीसीची वस्तू असेल तर बिलकूल नाही. पीव्हीसीच्या माळेत क्लोरीन असतो. जाळल्यावर त्यातून आम्लाचा झोंबणारा वायू आणि डायॉक्सिनसारखं विष निघतं. तो धूर आधी चुलीपुढच्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या छातीत जातो.

दुसरी, कपड्यांची. नायलॉन आणि पॉलिएस्टर सुट्या माळांच्या जातीचे, म्हणजे आचेने वितळणारे. पदर पेटला तर ते कापड वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल होते. सुती कापडही पेटतं, पण वितळून चिकटत नाही. स्वयंपाक करताना सुती लुगडं किंवा सुती गाऊन घाला आणि पदर खोचून ठेवा. मुलीसुनांना हे कारणासकट सांगा, म्हणजे पटेल.

तिसरी, पैशाची. डब्याच्या, बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीची जात, २ म्हणजे कडक पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ मऊ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ थर्माकोलची जात, ७ म्हणजे इतर. वेगवेगळ्या माळा एकत्र वितळवल्या तर नीट मिसळत नाहीत आणि माल ठिसूळ होतो. म्हणून मिसळलेल्या ढिगाला भाव कमी आणि वेगळं केलेल्याला जास्त. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत बहुधा वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, ते सुटे करता येत नाहीत, म्हणून त्या कुणीच विकत घेत नाही. त्या मुळात घरात कमी आणणं एवढाच उपाय.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातली एक प्लास्टिकची वस्तू आणावी. आकडा बघा आणि जातीप्रमाणे ढीग करा. मग तीन प्रश्नांवर बोला. यातली कुठली वस्तू आपलं ओझं खरंच हलकं करते? कुठलीशिवाय आपलं चालेल? आणि गटाने महिन्यातून एकदा वेगळं केलेलं भंगार एकत्र विकायचं ठरवलं, तर हिशेब कोण ठेवणार? काय ठरलं ते आम्हाला कळवा, म्हणजे पुढच्या कार्यक्रमात इतर गावांनाही सांगता येईल.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.